रिप्लायचं बटण काढून टाकलं तर?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला कुणीतरी लिहितं, "बी विंगच्या जिन्यात पुन्हा कुत्री झोपली होती. खाऊ घालणाऱ्यांनी जरा विचार करावा." अकरा वाजेपर्यंत सव्वाशे मेसेज पडतात. मुक्या प्राण्यांची दया, लहान मुलांची सुरक्षितता, मागच्या वर्षीच्या मेंटेनन्सचा हिशेब, कुणाच्या तरी बाल्कनीतून गळणारं पाणी, सगळं येऊन जातं. एक जण ग्रुप सोडतो, त्याला पुन्हा ॲड करतात. बाराला ॲडमिन ग्रुपला कुलूप घालतो. ग्रुपमध्ये दीडशे माणसं, त्यातली बोलली नऊ. उरलेल्यांना काय वाटतं, हे भांडणाआधी जेवढं ठाऊक होतं तेवढंच भांडणानंतरही ठाऊक असतं.

गंमत म्हणजे हीच माणसं दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटली की बऱ्यापैकी समजुतीनं बोलतात. "कुत्र्यांना हाकला असं कोण म्हणतंय हो काकू, फक्त जिन्यात नको." "मग मी तरी कुठे जिन्यात घालते? गेटबाहेरच घालते." म्हणजे तोडगा डोक्यात होताच. ग्रुपवर तो का उमटला नाही? माणसं तीच, विषय तोच, फक्त मधलं यंत्र वेगळं. मग यंत्राचीच घडण बदलली, तर तीच माणसं ऑनलाइनही शहाण्यासारखी वागतील का?

संगणकामुळे कामं झटपट होतात यावर वाद नाही. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, सातबारा, कशासाठीच रांग लावावी लागत नाही. पण अवघड प्रश्न सगळ्या बाजूंनी समजून घेणं, न पटणाऱ्याचंही म्हणणं हिशेबात धरणं आणि पुढे पस्तावावं लागणार नाही असं काही ठरवणं, यात संगणकाचा उपयोग होतो का? या लेखापुरतं शहाणपण म्हणजे एवढंच. मला वाटतं उपयोग होतो, पण यंत्राला आपण नेमकं काय मोजायला सांगतो यावर सगळं अवलंबून असतं.

आधी, भांडण पेटतं कसं

व्हॉट्सॲपवर ताजा मेसेज डोळ्यांसमोर राहतो. त्यामुळे जो सारखं लिहितो त्याचं म्हणणं दिसत राहतं, आणि ज्यानं एकदाच, विचार करून लिहिलं त्याचा मेसेज पाच मिनिटांत वर सरकून दिसेनासा होतो. शिवाय रिप्लाय द्यायचा तो मुद्द्याला नसतो, माणसाला असतो. "तुम्ही असं म्हणालात" पासून "तुम्ही नेहमीच असं म्हणता" पर्यंत पोचायला दोन मेसेज पुरतात.

व्हॉट्सॲप निदान मेसेज आले त्या क्रमानं दाखवतं. फेसबुकसारख्या ठिकाणी कुठली पोस्ट आधी दाखवायची हे यंत्र ठरवतं, आणि ठरवण्यासाठी त्याला काहीतरी मोजावं लागतं. क्लिक, कॉमेंट, शेअर सहज मोजता येतात. २०१७ मध्ये फेसबुकनं साध्या 'लाइक'ला जेवढं वजन होतं त्याच्या पाचपट वजन इमोजींना दिलं. त्यात हृदय होतं, हसू होतं आणि रागानं लाल झालेला चेहराही होता. हेतू वाईट नव्हता. इमोजी निवडायला जरा जास्त श्रम पडतात, तेव्हा माणूस त्या पोस्टमध्ये जास्त गुंतलेला असणार, असा हिशेब होता. पण रागाला पाचपट वजन मिळालं की राग आणणारी पोस्ट वर चढते, वर चढली की जास्त लोकांना दिसते आणि आणखी राग गोळा करते. पुढे कंपनीनं रागाचं वजन टप्प्याटप्प्यानं कमी केलं आणि २०२० मध्ये शून्यावर आणलं.

या सगळ्यात यंत्र बिघडलं नव्हतं, हे विसरायला नको. लोकांना गुंतवून ठेवण्याचं काम त्याला दिलं होतं आणि ते त्यानं चोख बजावलं.

तैवान आणि टॅक्सी

मार्च २०१४ मध्ये तैवानच्या विद्यार्थ्यांनी संसदेचं सभागृह ताब्यात घेतलं आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ सोडलं नाही. चीनबरोबरचा सेवा-व्यापार करार पुरेशी चर्चा न करता रेटला जातोय, हा त्यांचा आक्षेप होता. 'सूर्यफूल आंदोलन' म्हणून ते ओळखलं जातं. 'गव्हझीरो' नावाचा हौशी प्रोग्रॅमरांचा गट या आंदोलनाच्या मदतीला होता. सभागृहातलं चित्रण थेट बाहेर पोचवणं, कागदपत्रं सगळ्यांना खुली करणं ही कामं त्यांनी केली. त्याच वर्षाच्या शेवटी जॅकलिन त्साई या मंत्री त्यांच्या एका मेळाव्याला गेल्या आणि कायदा करण्याआधी लोकांशी सविस्तर बोलता येईल अशी व्यवस्था बनवून देण्याची विनंती केली. ज्यांनी सरकारला कोंडीत पकडलं त्यांच्याच दारात मंत्री जातो, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात विलक्षण पान वाटतं. त्यातून 'व्ही-तैवान' उभं राहिलं.

२०१५ मध्ये त्यांच्यापुढे उबरचा प्रश्न आला. खासगी गाडीवाले विनापरवाना भाडी मारत होते. टॅक्सीवाले खवळले होते, प्रवासी मात्र स्वस्त आणि स्वच्छ गाडीवर खूश होते. आपल्याकडे रिक्षा-टॅक्सी संघटना आणि ॲपवाल्या गाड्या यांच्यात जे चालतं तेच हे. व्ही-तैवाननं इथे 'पॉलिस' नावाचं एक साधन वापरलं. सिएटलच्या कॉलिन मेगिल आणि त्यांच्या साथीदारांनी ते बनवलं होतं.

पॉलिसच्या पडद्यावर एक छोटं विधान दिसतं, फार तर १४० अक्षरांचं. त्याखाली तीन बटणं: सहमत, असहमत, पुढे. बटण दाबलं की दुसरं विधान येतं. तुम्हाला वाटलं तर तुमचंही विधान टाकता येतं आणि ते इतरांपुढे मतासाठी जातं. रिप्लायचं बटण नाही. कुणाच्या विधानावर भडकलात तर असहमत दाबायचं किंवा स्वतःचं वेगळं विधान लिहायचं, एवढंच हातात. कुणी लिहिलंय याला महत्त्व उरत नाही, त्यामुळे "तुम्ही नेहमीच" म्हणायची सोयच नाही.

बुफेची ताटं

इथपर्यंत हा एक साधा सर्व्हे वाटेल. खरं काम मतं गोळा झाल्यावर सुरू होतं, आणि त्यामागचं गणित समजून घेण्याजोगं आहे.

मंगल कार्यालयातल्या बुफेत साठ पदार्थ मांडलेत आणि तुम्ही ताटं भरून निघालेल्या पाहुण्यांकडे बघत उभे आहात असं समजा. एका ताटाचं पूर्ण वर्णन करायचं तर साठ प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतील: हे घेतलं का, ते घेतलं का. पण चाळीस-पन्नास ताटं पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ज्यानं मिसळ घेतली त्यानं बहुतेक वेळा ठेचाही घेतलाय, मिरचीची भजीही घेतलीत आणि बासुंदीला हात लावलेला नाही. जिलबीवाल्याच्या ताटात बासुंदी आहे, श्रीखंड आहे, ठेचा नाही. म्हणजे साठ प्रश्नांची गरजच नाही. एका टोकाला तिखट आणि दुसऱ्या टोकाला गोड अशी एकच पट्टी घेतली तरी बहुतेक ताटांची जागा सांगता येते. आणखी एक पट्टी घेतली, तळलेलं आणि बिनतळलेलं, की प्रत्येक ताटासाठी कागदावर एक ठिपका काढता येतो. ठिपके आपोआप दोन-तीन पुंजक्यांत पडलेले दिसतात.

पॉलिस हेच करतं. माणसं म्हणजे ताटं, विधानं म्हणजे पदार्थ. सहमतीला अधिक एक, असहमतीला उणे एक, 'पुढे'ला शून्य, असा एक मोठा तक्ता बनतो. त्यातून ताटांमधला फरक जास्तीत जास्त दाखवतील अशा दोन पट्ट्या गणितानं शोधायच्या आणि मग जवळजवळच्या ठिपक्यांचे गट पाडायचे. या पट्ट्या आधी कुणी ठरवलेल्या नसतात. डावे-उजवे, श्रीमंत-गरीब असली लेबलं यंत्राला ठाऊकच नसतात, लोकांच्या उत्तरांतून जी दरी निघेल ती निघेल.

आता वरण-भाताकडे बघा. तो तिखटवाल्यांच्याही ताटात आहे आणि गोडवाल्यांच्याही. पट्ट्या शोधणाऱ्या गणिताला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यावरून कोण कुठल्या गटातला हे कळत नाही. भांडणातही तेच होतं. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे त्याबद्दल कुणी मेसेज टाकतच नाही. पॉलिस मात्र हा वरण-भात मुद्दाम हुडकून सगळ्यात वर ठेवतं.

इथे एक बारकावा आहे. शंभरातले ऐंशी जण तिखटवाले असतील तर नुसत्या बहुमतानं ठेचा पहिला येईल. पॉलिसची अट कडक आहे: विधानाला प्रत्येक गटात वेगवेगळं बहुमत हवं. वीस जणांचा गट असला तरी त्यातल्या बहुतेकांना ते पटलं पाहिजे. त्यामुळे माणसं जमवून एकच विधान रेटण्यात फारसा अर्थ राहत नाही. एकाच मताचे हजार लोक आणले तरी त्यांचाच गट फुगतो, पलीकडचा गट हलत नाही.

उबरच्या चर्चेत सुरुवातीला सरळ दोन फळ्या दिसल्या, उबरच्या बाजूची आणि टॅक्सीच्या बाजूची. पण वर येण्यासाठी दोन्हीकडची मतं लागतात हे पडद्यावर दिसत होतं. हळूहळू लोक तशी विधानं लिहू लागले. प्रवाशांचा विमा हवा, गाडीची नोंद हवी, कर भरला पाहिजे ही एक बाजू. दुसरीकडे, या निमित्तानं जुन्या टॅक्सीसेवेलाही दर्जा सुधारायला लावावा, अशा अर्थाच्या विधानाला दोन्ही गटांतून भरघोस पाठिंबा मिळाला. नंतर मंत्रालय, टॅक्सी कंपन्या, उबर आणि अभ्यासक यांची बैठक झाली, तीही थेट प्रक्षेपित. चर्चेचे विषय लोकांच्या त्या सहमतीतून घेतले होते.

२०१६ मध्ये टॅक्सीचे नवे नियम आले. गाडी पिवळीच हवी ही सक्ती ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींपुरती गेली. उबर मात्र लगेच सरळ झाली नाही. विनापरवाना वाहतुकीचा दंड सरकारनं जबर वाढवला तेव्हा फेब्रुवारी २०१७ मध्ये तिनं सेवा थांबवली आणि दोन महिन्यांनी परवानाधारक भाडेगाडी कंपन्यांशी करार करून परतली. चर्चेनं दिशा दिली, पण शेवटी दंडाचा बडगा लागलाच.

> चौकट: पॉलिस थोडक्यात
> कुणीही छोटं विधान मांडतो, बाकीचे सहमत, असहमत किंवा पुढे दाबतात. उत्तर देण्याची सोय नसते. कोण कोणाशी किती वेळा जुळतो यावरून गट पाडले जातात. प्रत्येक गटात बहुमत मिळवणारी विधानं 'सहमती' म्हणून वर येतात आणि गटांना वेगळं करणारी विधानं 'मतभेद' म्हणून वेगळी दाखवली जातात. पॉलिस निर्णय घेत नाही. त्याचा कोड खुला आहे.

तेच गणित, उलटा प्रश्न

या गणिताची एक नातेवाईक पद्धत तुम्ही रोज वापरता. २००६ मध्ये नेटफ्लिक्सनं दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं: प्रेक्षक एखाद्या सिनेमाला किती तारे देईल याचा आमचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा. २००९ मध्ये ते दिलं गेलं, आणि त्या स्पर्धेत चमकलेल्या युक्त्यांमध्ये पट्ट्या शोधण्याची ही युक्ती आघाडीवर होती. तुम्ही पट्टीच्या तिखट टोकाला दिसलात की तुम्हाला आणखी तिखट वाढायचं, हा शिफारस करणाऱ्या यंत्रांचा धर्म. ग्राहक खूश, वेळ वाचला, आणि बासुंदी कशी लागते ते कळायची संधीही गेली.

ट्विटरनं जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत 'बर्डवॉच' नावाचा प्रयोग सुरू केला. त्यालाच आता 'कम्युनिटी नोट्स' म्हणतात. दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली सामान्य वापरकर्ते टीप लिहितात आणि बाकीचे ती उपयोगी आहे का ते सांगतात. इथे यंत्र प्रत्येक पसंतीचे दोन भाग करतं. टीप वाचणाऱ्याच्या कलाशी जुळली म्हणून मिळालेली पसंती एकीकडे, आणि कल वजा केल्यावर जी उरते ती दुसरीकडे. टीप दाखवायची की नाही हे दुसऱ्या भागावरून ठरतं. फक्त एका बाजूनं डोक्यावर घेतलेली टीप कितीही लोकप्रिय असली तरी मागे पडते. शिफारशीचं यंत्र ज्या पट्टीवर जगतं तीच पट्टी इथे वजा केली जाते, आणि म्हणून मला हा प्रयोग इतका बोलका वाटतो. मर्यादा मात्र त्यालाही आहेत. बहुतेक टिपा कधीच दिसत नाहीत, आणि दिसतात तोवर पोस्ट फिरायची ती फिरून झालेली असते.

पाणीही सगळ्यांच्याच ताटाशी असतं

यातले खाचखळगे लहान नाहीत. सगळ्यांना पटतं ते दर वेळी वरण-भात नसतं, कधी नुसतं पाणी असतं. "परिसर स्वच्छ असावा" याला कोण नाही म्हणेल? त्यानं प्रश्न सुटत नाही. विधानं लिहिणाऱ्यांनी नेमकं लिहिलं नाही तर यंत्र इमानदारीनं गुळगुळीत वाक्यांचा ढीग वर आणतं. चर्चा चालवणारा जाणकार नसेल तर हे हमखास होतं.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही प्रश्नांत मध्यावर भेटणं हेच चूक असतं. एका गटावर अन्याय होत असेल आणि दुसऱ्याचा त्यात फायदा असेल, तर दोघांना पटेल असं विधान बहुधा अन्यायाला हात लावणारं नसेल. गावातल्या पाणवठ्यावर कुणी पाणी भरायचं, या प्रश्नाचा निकाल सहमतीवर सोडला असता तर तो कधी लागला असता, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी कायदा आणि हक्क हवेत. पॉलिस गाडी, विमा, कर अशा देवघेवीच्या प्रश्नांवर चांगलं चालतं. आणि ज्याच्याकडे मोबाइल आहे, वेळ आहे, त्याचंच मत तिथे येतं.

मध्यस्थी एआयकडे दिली तर

विधानं लिहिणंच अवघड असेल तर तेही यंत्राला करू द्यावं, हा पुढचा विचार. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी तो करून पाहिला. 'सायन्स'मध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ब्रिटनमधले पाच हजारांहून जास्त लोक होते. लहान गटातला प्रत्येक जण आपलं मत लिहून देई. भाषेचं मॉडेल सगळ्यांची मतं वाचून सामायिक निवेदनांचे अनेक मसुदे तयार करी. कुणाला कुठला मसुदा किती पटेल याचा अंदाज दुसरं मॉडेल करी, त्यातून एक निवडला जाई. लोक त्यावर टीका लिहीत आणि ती लक्षात घेऊन मसुदा सुधारला जाई. अशीच मध्यस्थी माणसांनीही केली. ५६ टक्के वेळा लोकांनी यंत्राचा मसुदा पसंत केला, आणि चर्चेनंतर गटांतले मतभेदही काहीसे कमी झाले.

निकाल दखल घेण्याजोगा आहे. अल्पमतातल्यांची टीका दुसऱ्या मसुद्यात नुसत्या बहुमताच्या हिशेबापेक्षा जास्त उतरली, हे त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पण एक शंका राहते. उबरच्या वेळी पलीकडच्यांना पटेल असं वाक्य लिहिण्यासाठी लोकांना स्वतः डोकं चालवावं लागलं. टॅक्सीवाल्याला कशाची भीती वाटते, हा विचार करावा लागला. ते श्रम यंत्रानं वाचवले तर निवेदन उत्तम तयार होईल, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय बदलेल? कार्यक्षमतेचा मोह इथेही मागच्या दारानं येतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची रीत इथे आठवते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरचा जाणकारही चालतो, पण तो निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही मतदानानं नाही, सर्वसहमतीनं. पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीला. यात वेळ जातो. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पॉलिस असो की डीपमाइंडचं यंत्र, ते अभ्यासगटाच्या जागी बसवावं, ग्रामसभेच्या जागी बसवू नये, असं मला वाटतं.

आणि ऐकायचं कुणी?

तैवानमध्येही सहमती झाली म्हणजे कायदा झाला असं नाही. ऑनलाइन दारूविक्रीवर व्ही-तैवानमध्ये चर्चा झाली, शिफारशी निघाल्या आणि सरकारनं त्या बराच काळ बाजूला ठेवल्या. लोक बोलून दमतात ते अशा वेळी. त्यामुळे 'जॉइन' या सरकारी संकेतस्थळावरचा नियम मला गणिताइतकाच महत्त्वाचा वाटतो. एखाद्या मागणीला ५,००० सह्या मिळाल्या की संबंधित खात्याला दोन महिन्यांत उत्तर द्यावंच लागतं. एक उदाहरण बघा. बबल टी हे पेय तैवानचंच, जाड प्लास्टिकच्या नळीशिवाय ते पिताच येत नाही असं समजलं जाई. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तू बंद करा, अशी मागणी टोपणनावानं आली आणि सह्या भराभर वाढल्या. खात्याच्या अधिकाऱ्यांनी बैठकीला बोलावलं तेव्हा समोर सोळा वर्षांची शाळकरी मुलगी आली. नागरिकशास्त्राचा गृहपाठ म्हणून तिनं ती मागणी टाकली होती. जुलै २०१९ पासून सरकारी कचेऱ्या, शाळा, मॉल आणि साखळी फास्ट फूडच्या दुकानांत बसून खाणाऱ्यांना प्लास्टिकच्या नळ्या देणं बंद झालं.